पाच नंबरचे दोन धनी

चौदा तारखेला सकाळी सव्वादहा वाजता आत्याच्या संगणकावर एक टपाल येऊन पडलं. पाठवणारा माणूस नव्हता. आर्पवॉच नावाचा प्रोग्रॅम होता, आणि आदल्या संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर आत्यानंच तो बसवला होता. छापखान्यातला कुठला संगणक कुठला पत्ता लावून बसलाय हे गुपचूप टिपत राहायचं आणि कुणी दुसऱ्याचा पत्ता लावला की चुगली करायची, एवढंच त्याचं काम. पहिल्याच दिवशी त्यानं चुगली केली. टपालाच्या मथळ्यात दोन शब्द होते: फ्लिप फ्लॉप.

"पलटी," आत्या स्वतःशीच म्हणाली. चहाचा कप तसाच ठेवून तिनं खोलीचं दार आतून लावून घेतलं.

ही आत्या कुणाची ते सांगायला हवं. छापखाना तिच्या थोरल्या भावाचा, दादाचा. ती आत्या दादाच्या मुलीची. पण मशिनवाल्यांपासून बाइंडरपर्यंत अख्खा छापखाना तिला आत्याच म्हणायचा. वय छप्पन्न. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. छापखान्यात पहिला संगणक आला तेव्हापासून हे सगळं खातं तिच्या एकटीच्या ताब्यात होतं. विकतची सिस्टिम तिनं दारात उभी केली नाही. वीस वर्षं बीएसडी चालवली, आणि गेल्या वर्षी छपाईचं नवं सॉफ्टवेअर बीएसडीवर चालेना म्हणून नाक मुरडत सर्व्हर लिनक्सवर नेला. दोन्ही फुकट, दोन्हींचं पोट उघडून आत काय आहे ते बघता येतं. "ज्याचं झाकण उघडत नाही ते मी घरात घेत नाही," असं ती म्हणायची. माणसांनाही तिचा हाच नियम होता. माणसांची झाकणं काही तिला उघडता यायची नाहीत, म्हणून ती माणसं फारशी घरात घेतच नसे.

आणि संशय यायला कारण होतंच की. छापखाना परीक्षा मंडळाच्या प्रश्नपत्रिका छापायचा. महिन्याच्या शेवटी मंडळाकडून पेपर यायचे, ते एका सर्व्हरवर चढायचे आणि छापून सीलबंद होईपर्यंत दादाला धड झोप लागायची नाही. त्या सर्व्हरचा पत्ता पाच नंबर. एक पेपर फुटला तर लाखभर पोरांची परीक्षा बोंबलली आणि छापखान्यातल्या चाळीस घरांच्या चुली विझल्या. असल्या पाच नंबरनं पलटी मारली होती.

पलटी म्हणजे काय, तेही आत्याच्याच भाषेत सांगतो. संगणकांच्या जाळ्यात ओळख पटवायची रीत फार भाबडी असते. एकानं हाळी द्यायची, "पाच नंबर कोण?" ज्याचा पत्ता पाच, त्यानं म्हणायचं, "मी." आणि सोबत आपल्या कार्डावर कारखान्यातच कोरलेला मॅक नंबर सांगायचा. ओळखपत्र कुणी मागत नाही. आता त्या दिवशी झालं असं, की आत्याच्या संगणकानं हाळी दिली आणि "मी" म्हणणारे दोन निघाले. एकाचा मॅक नंबर सर्व्हरचा. दुसऱ्याचा तिनं कधी पाहिला नव्हता. म्हणजे कुणीतरी सर्व्हरचं सोंग घेऊन मधे उभं होतं, आणि सर्व्हरकडे जाणारं सगळं आधी त्याच्या हातून जात होतं.

तिनं खिडकीतून खाली पाहिलं. अंगणात जावयाची मोटरसायकल लागलेली होती.

जावई म्हणजे दादाच्या एकुलत्या एक लेकीचा नवरा. लेकीला घरात खारू म्हणत, कारण लहानपणी ती दोन्ही गालांत खाऊ भरून पळायची. आई लवकर गेलेली, त्यामुळे खारूच्या वेण्या, खारूचे पाढे, खारूचा ताप, सगळं आत्यानं काढलं. त्या खारूनं चार महिन्यांपूर्वी एका नेटवर्कवाल्याशी लग्न केलं, आणि दादानं या महिन्याच्या एक तारखेपासून त्याला छापखान्यात आणून बसवलं. आत्याला विचारलं नाही, सांगितलं. "तुझ्या हाताखाली नाही गं, तुझ्या मदतीला," दादा म्हणाला होता. हाताखाली म्हणाला असता तर तिला कमी झोंबलं असतं.

तरी तिनं आपल्या बाजूनं कसर ठेवली नव्हती. फिल्म धुवायची जुनी खोली जावयाला मिळाली. तिथे जाळ्याच्या केबली जोडायचा एक छोटा डबा आधीपासून होता आणि त्याला जुनी केबल येत होती, पण ती मंद. म्हणून आत्यानं सर्व्हरमध्ये कपाटात पडून राहिलेलं एक जादा कार्ड बसवलं, त्याला वेगळा पत्ता दिला, आणि तिथून थेट त्या डब्यापर्यंत नवी केबल ओढून दिली. आत्यानं जावयाला उपाशी ठेवलं असं उद्या कुणी म्हणायला नको.

आता हा गृहस्थ तिच्या ताटातच हात घालत होता.

त्या दिवसापासून आत्यानं पाळत सुरू केली. पलट्यांच्या वेळा एका कागदावर मांडल्या. सकाळी दहा-सव्वादहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद. जावई सकाळी दहाला यायचा, संध्याकाळी सहाला जायचा. इतरही तेव्हाच यायचे-जायचे म्हणा. तर मग बुधवारी जावई खारूला घेऊन डॉक्टरकडे गेला, दिवसभर आला नाही, आणि दिवसभरात एकही पलटी नाही. गुरुवारी तो साडेअकराला आला. अकरा पस्तीसला पलटी. आत्यानं कागदावर त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

मग मॅक नंबर. त्याचा पहिला अर्धा भाग कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा असतो, दुसरा त्या एका कार्डाचा. जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन आत्या खोल्याखोल्यांतून फिरली. रचनाकारांचे संगणक, हिशेबनीस बाईंचा, मशिनपाशी ठेवलेला शाईनं माखलेला, सगळ्यांचे नंबर उतरवले. तो दुसरा, भुताटकी नंबर कुणाचाच नाही. सर्व्हरचा नंबर वहीच्या पहिल्याच ओळीत, तिच्याच अक्षरात होता. तो पुन्हा बघायची काही गरज नव्हती. शेवटी ती जावयाच्या खोलीत गेली.

"या आत्या," म्हणत तो उठला आणि उठता उठता त्यानं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"चालू द्या, चालू द्या. कामाचं होतं का काही?"

"नाही हो, खारूचा निरोप होता. संध्याकाळी भाजी आणायची आहे."

भाजीचा निरोप झाकायला लागतो होय, असं आत्याच्या मनात आलं. तोंडानं ती म्हणाली, "मला जरा तुमच्या लॅपटॉपचा नंबर हवा होता. वहीत नोंद करायची राहिलीय."

त्यानं झाकण उघडून नंबर दाखवला. पहिला अर्धा भाग हुबेहूब भुताटकी नंबरासारखा, एकाच कंपनीचा. दुसरा अर्धा वेगळा. ज्याला सोंग घ्यायचं तो स्वतःच्या खऱ्या नंबरानं कशाला घेईल? दुसरं एखादं यंत्र लपवलेलं असणार. आत्यानं टेबलाखाली, कपाटावर नजर फिरवली. सगळं नको इतकं नीटनेटकं होतं.

ती निघाली तेव्हा जेवणाला जायचं म्हणून तोही निघाला, आणि दारापाशी त्यानं खोलीचं मुख्य बटण बंद केलं. पंखा, दिवा, डबा, सगळं एकदम थंड.

"हे कशाला?"

"सवय आहे. वीज वाचते."

"तुम्हाला विजेची फार काळजी," आत्या म्हणाली. अख्ख्या छापखान्यात दुसरं कुणी दिवासुद्धा मालवत नसे. जाताना सगळं बंद करून जाणारा माणूस खुणा पुसणारा असतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

टीसीपीडम्प नावाचा प्रोग्रॅम लावून तिनं दोन दिवस त्याच्या संगणकावरून येणारं-जाणारं सगळं ऐकलं. काही कळलं नाही, कारण सगळं कुलूपबंद होतं. छापखान्यातलं सगळं येणं-जाणं कुलूपबंद असलंच पाहिजे हा नियम खुद्द आत्याचाच. तो नियम एवढ्या काटेकोरपणे पाळणारा हा पहिलाच, आणि तिला तेही खटकलं. माणसाचं एकदा मन विटलं की दुधातही मीठ लागतं.

सव्वीस तारखेला ती दादाच्या खोलीत गेली. हातात कागद, वही, आणि पलट्यांची सत्तर टपालं छापून आणलेली. दोन दिवसांनी पेपर यायचे होते. दादानं सगळं वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"पोरीचा नवरा आहे गं."

"म्हणून तर आधी तुला सांगतेय. दुसरा कुणी असता तर मंडळालाच फोन लावला असता."

"तुला खात्री आहे?"

आत्यानं आजवर दादाला जे जे सांगितलं होतं ते खरं निघालं होतं. हा मॉनिटर जाणार, गेला. त्या कागदवाल्याचा माल ओला येणार, आला. "आहे," ती म्हणाली.

जावयाला बोलावणं गेलं. तो आला, उभाच राहिला. दादानं वही आत्याकडे सरकवली, म्हणून आत्याच बोलली. पाच नंबर, दोन उत्तरं, वेळा, बुधवार, कंपनीचा नंबर. ती बोलत असताना त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. मग कपाळाला आठी पडली, काहीतरी आठवायचा प्रयत्न करावा तशी.

"आत्या, एकदा सर्व्हरवर बघितलंत का? मी बघू का, दोन मिनिटं लागतील."

"सर्व्हरला हात लावायचा नाही!" आत्या एवढ्या मोठ्यानं ओरडली की बाहेर मशिनवाल्यांनी माना वळवल्या. हेच तर त्याला हवं होतं! पुरावा पुसायला दोन मिनिटं पुष्कळ झाली.

त्यानं दादाकडे पाहिलं. दादा टेबलाकडे बघत होता. जावयानं लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला, त्याचा पासवर्ड कागदावर लिहून शेजारी ठेवला. "काय तपासायचं ते तपासा," तो म्हणाला. "खारूला मीच सांगतो. तुम्ही नका सांगू."

मंडळाचा नियम कडक होता. संशय आला की चोवीस तासांत छापील फॉर्मवर संशयिताचं नाव लिहून पाठवायचं. दादानं लिहिलं. बाइंडरच्या पोरानंही याहून बरं अक्षर काढलं असतं. लॅपटॉपमध्ये काहीच निघालं नाही. "पक्का आहे," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खारू आली. आत्याच्या खोलीच्या दारातच उभी राहिली.

"तुला खात्री आहे?"

"बस तरी आधी."

"खात्री आहे का, एवढंच सांग."

"आहे. अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी नको म्हणूस." खारूनं पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला, आत्याच्या घराची किल्ली नखानं ओढून सोडवली आणि टेबलावर ठेवली. शाळेतून आल्यावर कुलूप उघडता यावं म्हणून तिच्या सातव्या वाढदिवसाला दिलेली किल्ली. मग ती जिना उतरून गेली. आत्याला रडू आलं, पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडा ताठाही होता. कर्तव्य केलं की माणसं दुरावतातच, असं तिनं स्वतःला बजावलं.

जावई गेल्यापासून पलटी नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठवडाभर नाही. पेपर आले, सर्व्हरवर चढले. आत्या रोज सकाळी टपाल बघायची, रिकामं दिसलं की दादाला जिन्यावरूनच मान हलवून खूण करायची. दादा हसायचा नाही.

आठव्या दिवशी मुद्रितशोधक काकांनी तक्रार केली. मशिनच्या खडखडाटात त्यांना शुद्धलेखन सुचत नव्हतं. ती फिल्मची खोली रिकामीच आहे तर मी तिथे बसू का? दादा म्हणाला बसा. काका आपली डिक्शनरी, उशी आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली घेऊन सकाळी तिथे गेले.

दहा वाजून बारा मिनिटांनी टपाल आलं. फ्लिप फ्लॉप.

आत्या गारठली. आणि तिच्या मनात पहिला विचार काय यावा? काका! बत्तीस वर्षं छापखान्यात असलेले, ऱ्हस्व-दीर्घाच्या एका चुकीपायी साहेबांशी भांडणारे, माऊस कुठल्या हातानं धरायचा हे दर सोमवारी विचारणारे काका. जावयानं त्यांना फितवलं असेल. जाताना काहीतरी देऊन गेला असेल. आत्या पायरीगणिक पुरावे गोळा करत त्या खोलीपर्यंत गेली.

काका उशी टेकून बसले होते. डोळ्यांत थेंब घातलेले, मान वर, डोळे मिटलेले.

"काका, काय चाललंय?"

"कोण? आत्या का? पाच मिनिटं डोळे उघडायचे नाहीत, डॉक्टरनं सांगितलंय."

आत्या तिथेच थांबली. पंखा फिरत होता. डब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. त्या डोळे मिटलेल्या म्हाताऱ्याकडे बघताना तिला स्वतःचीच शरम वाटली, आणि त्या शरमेतून पहिल्यांदाच एक सरळ विचार निघाला. माणूस बदलला, पलटी तीच. मग तीच राहिली ती गोष्ट कुठली?

तिनं हात लांब करून मुख्य बटण बंद केलं.

"वीज गेली का?" काकांनी डोळे मिटूनच विचारलं.

"आली, लगेच आली. तशीच मान वर ठेवा."

ती आपल्या खोलीत धावली. हाळी दिली: पाच नंबर कोण? एकच उत्तर. पुन्हा काकांच्या खोलीत, बटण चालू. पुन्हा धावत वर. हाळी. दोन उत्तरं. छप्पन्न वर्षांच्या गुडघ्यांनी तिनं तो जिना चार वेळा केला, आणि चौथ्या वेळी खोलीत बसकण मारून डब्याच्या मागे हात घातला. दोन केबली. एक जुनी, जाळ्याकडे जाणारी. दुसरी नवी. नवीच्या मागोमाग ती भिंतीच्या कडेनं रांगत गेली. दाराच्या चौकटीवरून, माळ्याच्या फळीखालून, तिनं स्वतः पाडलेल्या भोकातून, तिनंच बांधलेल्या पट्ट्यांवरून ती केबल सर्व्हरच्या मागे जाऊन पोचली. जादा कार्डात.

त्या कार्डाचा नंबर वहीत नव्हता. घाईत नोंदवायचा राहिला होता. आत्यानं सर्व्हरच्या पडद्यावर तो आणला आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचला. भुताटकी नंबर.

बीएसडीमध्ये पत्ता कार्डाचा असतो. दुसऱ्या कार्डावर पाच नंबरची हाळी आली तर ते कार्ड गप्प बसतं, कारण पाच हे त्याचं नाव नव्हे. वीस वर्षं आत्याच्या हाताला तीच सवय. लिनक्सचं म्हणणं वेगळं. त्याच्या मते पत्ता अख्ख्या यंत्राचा, हाळी कुठल्याही दारावर येवो, जे दार जवळ असेल त्यानं "मी" म्हणावं. ते बदलायला दोन ओळींची सेटिंग आहे, आणि ती तिनं घातली नव्हती. त्या खोलीचा डबा चालू असला की सर्व्हर दोन तोंडांनी बोलायचा. जावई शहाण्या माणसासारखा बटण बंद करून जायचा, तेव्हा तो एका तोंडानं बोलायचा. मधे कुणी उभं नव्हतंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा; वळसाही साधासुधा नाही, जाता जाता एकाचं घर मोडून घातलेला.

आत्यानं त्या दोन ओळी घातल्या. पलटी थांबली. मग ती दादाकडे गेली आणि सगळं सांगितलं.

दादानं उठून खोलीचं दार लोटलं. मग हळूच म्हणाला, "आज दुपारी मंडळाच्या निरीक्षक बाई यायच्या आहेत. जबाब घ्यायला. आपण म्हणू, चौकशी केली, काही निघालं नाही. जावयांना मी सन्मानानं परत बोलावतो. तुझं नाव मधे आणायचं कारणच नाही."

मोह झाला नाही असं नाही. "काही निघालं नाही" हे वाक्य किती मऊ! पण त्याचा अर्थ आत्यापेक्षा चांगला कुणाला कळणार? लॅपटॉपमध्ये काही निघालं नाही तेव्हा तीच म्हणाली होती, पक्का आहे.

निरीक्षक बाई तीनला आल्या. कोरड्या, कामाला पक्क्या. दादानं घसा खाकरला, आणि तो बोलायच्या आत आत्या बोलली. कार्ड, केबल, दोन ओळी, सगळं. दार उघडंच ठेवलं होतं तिनं, मुद्दाम. बाहेर मशिन थांबलं होतं.

बाईंनी ऐकून घेतलं. "तुम्ही म्हणता ते मला सगळं नाही कळलं," त्या म्हणाल्या, "पण हा फॉर्म एकदा आला की कोऱ्या नावानं परत जात नाही. गोपनीय यंत्रणेत गफलत झाली, हे तर खरं? मग जबाबदार कोण?"

"मी."

"तीन वर्षं गोपनीय छपाईच्या कुठल्याही इमारतीत पाऊल टाकता येणार नाही. सहीपासून लागू. किल्ल्या मला द्याव्या लागतील, आणि सहीनंतर कुठल्याही यंत्राला हात नाही."

दादा म्हणाला, "अहो, हिच्याशिवाय हा छापखाना..." आत्यानं सही केली. जावयाच्या नावावर लाल काट मारली गेली, ती मात्र तिनं वाकून, नीट बघून घेतली. जिना उतरताना मशिनवाले बाजूला सरले. ती फाटकाबाहेर आली आणि दादा मागून धावत आला.

"अगं, उद्या सकाळी छपाई सुरू करायची आहे. सर्व्हरचा पासवर्ड?"

"जावयांना देते," आत्या म्हणाली. "तिकडेच चाललेय." आणि फाटकाचा गज धरून ती क्षणभर उभी राहिली, कारण पासवर्ड काय आहे ते तिला तेव्हा आठवलं. वर जाऊन तो बदलून यायची आता सोय नव्हती.

खारूचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार जावयानं उघडलं. त्यानं आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. खारू आतून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आत्यानं तिसऱ्यांदा त्या दिवशी तीच हकीकत सांगितली. या वेळी सगळ्यांत वाईट सांगितली, शब्द सारखे अडत होते.

"मला वाटलंच होतं," जावई म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुम्ही पाच नंबर म्हणालात तेव्हाच. बीएसडीवरून येणाऱ्यांचं होतं असं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की."

आत्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "माझं चुकलं," ती म्हणाली. हे दोन शब्द तिनं आयुष्यात फार कमी वापरले होते, आणि ते किती जड असतात हे तिला माहीत नव्हतं. "दोघांचंही मी वाईट केलं. माफ करा म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते."

खारूचे डोळे भरून आले. ती पुढे झाली, आत्याच्या शेजारी बसली, आणि आत्याचा हात तिनं आपल्या हातात घेतला. "वेडी आहेस तू," ती म्हणाली. "पण कबूल तर केलंस. डोळ्यांनी दिसलं तेच बोललीस. ते टपाल आलं नसतं तर तुझ्या मनात तरी आलं असतं का असं काही?"

आत्यानं हात काढून घेतला नाही. काढून घ्यायला हवा होता.

"उद्या छपाई आहे," ती जावयाकडे वळून म्हणाली. "सर्व्हरचा पासवर्ड लिहून घ्या."

तो कागद-पेन घेऊन बसला. आत्यानं इंग्रजी अक्षरं एकेक करून सांगायला सुरुवात केली. "सी. एच. ओ. आर." त्यानं लिहिलं. "जे. ए." पेन जरासं थबकलं. "व्ही. ए. आय." तो मान वर न करता लिहीत गेला. चोरजावई. खारू त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

"आणि शेवटी दोन आकडे," आत्या म्हणाली. "गेल्या महिन्यापासून बदललेला नाही." "शून्य. दोन."

खारू आत्याच्या घरात वाढली होती. पासवर्ड बदलला की त्याच्या शेपटीला त्या दिवसाची तारीख जोडायची ही आत्याची जुनी रीत तिला पाठ होती. तिनं हळूहळू आत्याचा हात सोडला.

"गेल्या महिन्याच्या एक तारखेला हा कामाला लागला," खारू म्हणाली. "टपाल कधी आलं होतं, आत्या?"

"चौदाला."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आर्पवॉचचा तो पहारेकरी तिनं पेपरांसाठी बसवला नव्हता, या एका माणसासाठी बसवला होता. चोर आधी ठरला होता, चोरी मागाहून शोधली. हे तिचं तिलाही इतकं उघडं कधी दिसलं नव्हतं. तिला वाटलं खारू ओरडेल, निदान जा तरी म्हणेल. खारू नुसती बघत होती, एखाद्या परक्या बाईकडे बघावं तशी.

जावयानं कागद स्वतःकडे वळवून पुन्हा एकदा वाचला.

"सगळी लहान अक्षरं ना?" त्यानं विचारलं.

"हो," आत्या म्हणाली. "सगळी लहान."